पुठ्ठ्यावरची गिटार : एका पोकळ गिटारच्या पिकअप-वायरिंगचं प्रकरण

सर गिटार घेऊन आले तेव्हा रोगाचं निदान आणि औषध दोन्ही बरोबर घेऊनच आले. केसवर एक छोटा खोका होता, त्यात दोन नवे पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या, तारांखालच्या चुंबकी गुंडाळ्या. "भाच्यानं पुण्याहून पाठवलेत. जुने काढा, हे घाला. गूं गूं थांबेल."

माझं दुकान सांगलीत, गणपती पेठेजवळच्या बोळात. मूळ धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा. टीव्ही सपाट झाले तसं काम हळूहळू अ‍ॅम्प, मिक्सर, हार्मोनियमचे माइक आणि बेंजो पार्ट्यांचे बेंजो यांच्याकडे सरकलं. गिटारही येतात, पण बहुतेक भरीव लाकडाच्या. मागचं झाकण काढायचं, आत पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागचा फिरणारा भाग), स्विच, वायरी ताटात वाढल्यासारख्या समोर. सरांची गिटार तशी नव्हती. गिब्सन कंपनीनं १९४९ मध्ये ईएस-१७५ नावाची गिटार काढली, तिच्या वळणाची ही कोरियात झालेली नक्कल. साडेतीन इंचांच्या आसपास खोल, आतून पूर्ण पोकळ, पुढची फळी प्लायची, त्यात व्हायोलिनसारखे दोन एफ-होल. दोन हमबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचे पिकअप, एक मानेजवळ (नेक) आणि एक घोडीजवळ (ब्रिज), प्रत्येकाला एक व्हॉल्यूम आणि एक टोन असे चार पॉट, वर खांद्यापाशी तीन जागांचा स्विच, कडेला केबल लावायचा जॅक. पाठीला झाकण नाही. जे काही आत जायचं किंवा बाहेर यायचं ते एफ-होलमधून, नाहीतर पिकअप काढल्यावर उघडणाऱ्या खिडकीतून. हात जात नाही. दोन बोटं जातात, तीही माझ्या मुलाची.

तक्रारी चार होत्या. एक, सतत घूं असा आवाज. दोन, ब्रिज पिकअपवर स्विच टाकला की आवाज एकदम पातळ, डब्यातून आल्यासारखा, कधी गायबच. तीन, पॉट फिरवले की खरखर. चार, अ‍ॅम्पजवळ उभं राहिलं की गिटार स्वतःच घुमायला लागते. सरांच्या हिशोबी चारही तक्रारींचा गुन्हेगार एकच, जुने पिकअप. मला तेव्हाच वाटलं होतं की चार तक्रारींना एकच बाप असणं अवघड आहे.

पूर्वेतिहास विचारला. हा प्रश्न सांगलीत कुठल्याही जुन्या वस्तूला विचारावाच लागतो. सरांचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा गिटार माळ्यावर होती. भिजली नाही. पण घरचे विश्रामबागला नातेवाइकांकडे गेले, घर दहा-बारा दिवस बंद, खाली पाणी, वर कोंदट वाफ. परत आल्यावर केस उघडली तर वास येत होता, एवढंच. गिटार वाजत होती, म्हणून विषय संपला. वाजता वाजता दोन वर्षांनी कुरकुर सुरू झाली.

आता मोजमाप. गिटार न उघडता बरंच कळतं आणि ते आधी करून घ्यावं. जॅकमध्ये केबल लावायची, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर, सगळे पॉट पूर्ण वर, आणि स्विच एकेका जागी टाकून ओहम वाचायचे. नेक पिकअप : ७.४ किलोओहम. ठणठणीत. साध्या हमबकरचा आकडा सात ते साडेआठच्या दरम्यान असतो. ब्रिज पिकअप : ४७८ किलोओहम.

हा आकडा पाहून माणूस क्षणभर गोंधळतो. तार तुटली असेल तर मीटरनं अनंत दाखवायला हवं, आणि पिकअप चांगला असेल तर आठ. मग ४७८ कुणाचे? ते व्हॉल्यूम पॉटचे. पॉट ५०० किलोओहमचा, त्याच्या आकड्यात वीसेक टक्के इकडेतिकडे चालतं. पिकअप गप्प बसला म्हणून पॉट एकटाच बोलत होता. म्हणजे ब्रिज पिकअपची गुंडाळी कुठेतरी तुटली आहे. मग पातळ का होईना आवाज कसा येतो? तुटलेल्या तारेची दोन टोकं अगदी शेजारी असली की वरच्या पट्टीचे स्वर त्या फटीवरून उडी मारून जातात, खर्ज मागे राहतो. डब्यातला आवाज तो हाच.

दुसरी चाचणी घूंची. मीटर बीपवर ठेवला, एक टोक जॅकच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं टेलपीसला, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या खालच्या पितळी पट्टीला. बीप नाही. इथे खरी गोम होती. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा गिटारच्या ग्राउंडला, म्हणजे जॅकच्या त्या बाहेरच्या कड्याला, जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याचा हात तारांवर पडला की त्याचं शरीरही ग्राउंडला जातं आणि आजूबाजूच्या वायरिंगमधून अंगावर येणारी घरघर कमी होते. म्हणून चांगल्या गिटारचा आवाज तारांना हात लावला की आणखी शांत होतो. सरांना विचारलं, "हात लावल्यावर फरक पडतो?" ते म्हणाले, "पूर्वी पडायचा. आता नाही."

टेलपीसचा स्क्रू काढला. आतून येणारी एक उघडी तार त्या पट्टीखाली नुसती दाबून बसवलेली होती. सोल्डर नाही, काही नाही. तिच्यावर हिरवं जंगाल धरलेलं, आणि चिमटीत धरताच टोक गळून पडलं. पुराचं पाणी गिटारला लागलं नव्हतं, पण पुराची हवा लागली होती. जॅकच्या पात्यावरही तोच हिरवा थर.

म्हणजे चार तक्रारींचे निदान चार. घूं या तुटलेल्या तारेमुळे, पातळ आवाज ब्रिज पिकअपमुळे, खरखर पॉटमधल्या कार्बनच्या पट्टीमुळे, आणि घुमणं गिटार पोकळ आहे म्हणून. पुण्याहून आलेले दोन पिकअप यातली फक्त दुसरी तक्रार सोडवणार होते. पिकअप बदलून, तीच जुनी तार तशीच ठेवून गिटार परत दिली असती, तर सर घरी जाऊन पहिल्याच मिनिटाला तेच घूं ऐकत बसले असते, आणि शिव्या भाच्याला पडल्या असत्या.

जुना ब्रिज पिकअप उघडून बघितला. वरचं निकेलचं झाकण दोन ठिकाणी सोल्डरनं चिकटवलेलं असतं, ते सोडवलं. हमबकर म्हणजे शेजारी शेजारी दोन गुंडाळ्या. दोन्हींतून स्वर एकाच दिशेनं बाहेर पडतो, पण बाहेरून आलेली घरघर एकीत सुलटी आणि दुसरीत उलटी होऊन एकमेकींना खाऊन टाकते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर नावाच्या अभियंत्यानं १९५५ मध्ये ही युक्ती काढली. भारतात विजेची घरघर ५० हर्ट्झच्या घरातली, अमेरिकेत ६०ची, युक्तीला फरक पडत नाही. एक गुंडाळी चार किलोओहमला जरा कमी दाखवत होती, दुसरी मेलेली, आणि आतल्या बाजूला, जिथून तार सुरू होते तिथेच, एक हिरवा ठिपका. बाहेरच्या टोकाला तुटली असती तर जोडून दिली असती. आतलं टोक म्हणजे सगळी गुंडाळी उलगडायची आणि पुन्हा पाचेक हजार फेरे घालायचे, तेही केसापेक्षा बारीक, ०.०६ मिलिमीटरच्या आसपासच्या तारेनं. सांगलीत मोटर रिवाइंडिंगची दुकानं पावलोपावली आहेत. ऊस आणि द्राक्षांच्या जिवावर पाण्याच्या मोटरी जळतच असतात. पण या जाडीची तार तिथे दाखवली तर विचारतील, ही तार आहे का कोळ्याचं जाळं?

ब्रिज पिकअप बदलायचाच, यावर एकमत झालं. नेक पिकअपवर झालं नाही. मी म्हणालो, "सर, नेक चांगला आहे, राहू दे." सर म्हणाले, "भाच्यानं दोन पाठवलेत. एकच बसवला तर त्याला काय सांगू?" याला इलेक्ट्रॉनिक्समध्ये उत्तर नाही. दोन्ही बदलायचे ठरले आणि त्याबरोबर चारही पॉट, स्विच, जॅक, सगळ्या वायरी. जुनं काढायला जेवढे कष्ट तेवढेच नवं घालायला, मग अर्धं काम कशाला करायचं.

सामान मागवताना दोन गोष्टी मोजून घेतल्या, त्यांनी वेळ वाचवला. जुने पॉट मेट्रिक मापाचे, त्यांची भोकं आठ मिलिमीटर. नवे इंची मापाचे, त्यांना साडेनऊ मिलिमीटर लागतं. शिवाय फळी पाच मिलिमीटर जाड, तेव्हा आखूड गळ्याचा पॉट घेतला तर नट एकाच आट्यावर लटकतो. लांब गळ्याचे मागवले. बटणं जुनीच ठेवायची म्हणत होतो, पण दोन्ही मापांच्या दांड्यांवरचे दाते वेगळे असतात. जुन्या पॉटच्या दांडीला अठरा, नव्याच्या चोवीस. जुनं बटण दाबून बसवलं तर चिरतं. बटणंही नवी घेतली. टोनसाठी ०.०२२ मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर मात्र दुकानातल्याच डब्यात होते. हिरवे पॉलिएस्टरचे, वर २२३ छापलेले. त्यासाठी जपानी तेलातले विंटेज वगैरे मागवायचा सरांचा विचार होता, तो मी मोडून काढला.

भोकं मोठी करायची होती. ड्रिल मारलं तर प्लायच्या वरच्या पापुद्र्याबरोबर पॉलिशचा टवका उडणार हे नक्की. म्हणून मिरजेला गेलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला तिथली एक गोष्ट त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे : लाकडातलं भोक हातानं मोठं करावं तर त्यांनीच. तंबोऱ्याच्या खुंटीचं भोक निमुळतं असतं, आणि ते खुंटीला इतकं चपखल लागतं की नुसत्या घर्षणावर तार ताणून राहते. ओळखीचे एक चाचा आहेत, तिसऱ्या पिढीतले. त्यांनी भोकाभोवती चिकटपट्टी लावली, हाताचा रिमर घेतला आणि एकेक भोक पाच-सहा वेळा फिरवून, मध्ये मध्ये नवा पॉट लावून बघत मोठं केलं. दाब नाही, घाई नाही, भुसा पिठासारखा. चार भोकांना अर्धा तास.

गिटारच्या खिडकीतून आत डोकावत त्यांनी विचारलं, "याच्या आत काम कसं करनार तुम्ही?" मी म्हणालो, तेच बघतोय. ते म्हणाले, "आमचं बरंय. भोपळ्यावर तबली बसवायच्या आधी आतलं सगळं करून घ्यायचं. तबली बसली की आत जे राहिलं ते राहिलं."

परतीच्या वाटेवर, मिरज-सांगली दहा किलोमीटरांत, कामाची पद्धत ठरली. आत काहीही करायचं नाही. सगळं बाहेर.

पॅकिंगचा जाड पुठ्ठा घेतला. गिटारवर ठेवून पॉटची, स्विचची, पिकअपच्या खिडक्यांची, एफ-होलची आणि जॅकची जागा पेन्सिलनं उतरवली. पुठ्ठ्याला त्याच मापाची भोकं पाडली आणि चारही पॉट, स्विच, जॅक त्यात उलटे बसवले. झाली पुठ्ठ्याची गिटार. आता आरामात टेबलावर सोल्डरिंग. पॉटच्या पाठीवर डाग द्यायला बारीक पंचवीस वॅटचा आयर्न नाही चालत. पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते, आपण आयर्न धरून बसतो आणि आतली कार्बनची पट्टी भाजते. साठ वॅटचा, रुंद टोकाचा, दोन-तीन सेकंद आणि बाजूला. पॉटची पाठ आधी कानशीनं खरवडायची, तारेच्या टोकाला आधी सोल्डरचा पातळ थर द्यायचा. माझे उस्ताद त्याला कल्हईच म्हणायचे, आणि कल्हई न केलेल्या भांड्यात शिजवल्यासारखा चेहरा करायचे.

वायर सगळी शिल्ड, म्हणजे बाहेरून ग्राउंडची जाळी असलेली, एकेरी गाभ्याची. भरीव गिटारच्या पोटाला तांब्याचा पत्रा किंवा शिल्डिंगचा रंग लावता येतो, पोकळ गिटारला आतून रंग कोण लावणार? म्हणून वायरनंच स्वतःची छत्री घेऊन जायचं. टोनचा कॅपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला जोडला, म्हणजे जुन्या, पन्नासच्या दशकातल्या गिटारमध्ये असायचा तसा. कारण सर व्हॉल्यूम कायम सहा-सातवर ठेवून वाजवतात, आणि या जोडणीत व्हॉल्यूम कमी केला तरी वरचे स्वर तेवढे दबत नाहीत. बदल्यात टोन फिरवला की व्हॉल्यूमही थोडा हलतो. सरांना सांगितलं, त्यांना चाललं.

आणखी एक निर्णय, जो नंतर फार उपयोगी पडला. पिकअपची वायर थेट पॉटपर्यंत नेली नाही. पॉटकडून येणारी वायर पिकअपच्या खिडकीपर्यंत आणून सोडली, जोड तिथे, वर स्लीव्ह. पिकअप पुन्हा काढायचा झाला तर फक्त चौकटीचे चार स्क्रू. आतलं वायरिंग हलवायचं नाही.

मग चूक. दोन्ही नव्या पिकअपना चार रंगांच्या वायरी आणि एक उघडी. चार वायरी म्हणजे दोन गुंडाळ्यांची चार टोकं. भाच्यानं पाठवलेला नेक सेमूर डंकन कंपनीचा आणि ब्रिज डिमार्झिओ कंपनीचा. डंकनच्या रंगांत काळी वायर स्वराची, पांढरी-लाल एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओच्या रंगांत लाल वायर स्वराची, काळी-पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. दोन्ही खोक्यांत कागद होते. मी एकच वाचला. रात्रीचे साडेनऊ झाले होते, हे कारण नाही, पण सांगून ठेवतो. ब्रिजलाही डंकनचेच रंग लावले.

मीटरवर काय दिसलं? काहीच नाही. ब्रिजचा आकडा अगदी बरोबर. दोन गुंडाळ्या एकापुढे एक जोडल्या की बेरीज तीच, मग एखादी उलटी का असेना. ओहमला दिशा कळत नाही. मी समाधानानं पुठ्ठा अ‍ॅम्पला जोडला आणि सवयीनं सोल्डरिंग स्टेशनचा डबा पिकअपजवळ नेला. त्यात ट्रान्सफॉर्मर आहे, घरघर फुकट मिळते. नेकजवळ नेला : जेमतेम कुजबुज. ब्रिजजवळ नेला : ट्यूबलाइटचा जुना चोक कानाला लावल्यासारखा आवाज.

तिथेच उमगलं. एक गुंडाळी उलटी लागली होती. जिथे घरघर एकमेकींना खाणार तिथे ती दुप्पट होत होती, आणि जिथे स्वर दुप्पट व्हायचा तिथे स्वर स्वतःला खाणार होता. हे असंच आत गेलं असतं तर बाहेर पातळ आवाज आणि घूं, म्हणजे सरांच्या मूळ तक्रारी, नव्या कोऱ्या सामानासह.

खात्री करायला जुना काट्याचा मल्टिमीटर काढला. डिजिटल मीटर इथे कामाचा नाही, आकडे नाचतात. काट्याचा मीटर सगळ्यात लहान करंटच्या रेंजवर ठेवायचा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या खिळ्यांवर आडवा टेकवायचा आणि झटक्यात उचलायचा. काटा एका बाजूला उडतो. पहिल्या गुंडाळीवर उजवीकडे उडाला, दुसरीवर डावीकडे. एकाच पिकअपच्या दोन गुंडाळ्या दोन दिशांना, याचा अर्थ सरळ आहे. रंग सुधारले, दोन्ही उजवीकडे. मग नेक आणि ब्रिज यांची तुलना केली. तेही एकाच बाजूला उडाले. मधल्या जागी, जिथे दोन्ही पिकअप एकदम वाजतात, तिथे आवाज नाकातून येणार नाही याची ती हमी. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. आत गेल्यावर हीच चूक दोन संध्याकाळी खाऊन गेली असती.

दोन संध्याकाळी तरीही गेल्याच. दुसऱ्या चुकीत.

गिटार उशीवर ठेवली. या गिटारची घोडी फळीला चिकटवलेली नाही, तारांच्या दाबावर नुसती उभी असते, म्हणून तारा सोडण्याआधी तिच्या पायाभोवती चिकटपट्टीनं खूण केली. ती खूण नसती तर नंतर सूर लावताना अर्धा दिवस गेला असता. टेलपीसखाली जाड फडकं घातलं, कारण तारा सुटल्या की ते फळीवर आपटतं. जुनं सगळं काढलं. काढताना प्रत्येक भोकातून तंगूस ओवून ठेवली. मासे पकडायची नायलॉनची तीच तंगूस, ताणत नाही आणि अडकतही नाही.

नव्या पॉटच्या दांडीवर फिशटँकच्या हवेची नळी गरम पाण्यात बुडवून मऊ करून चढवली, नळीला तंगूस बांधली. पॉट एफ-होलमधून जात नव्हते, अंगानं जाडे होते. ब्रिज पिकअपच्या खिडकीतून मात्र एकेक करून सहज उतरले. बाहेरून तंगूस ओढायची, आत पॉट लोळत लोळत भोकाखाली येतो, नळी भोकातून डोकं काढते, मग दांडी. सुईत दोरा ओवल्याइतकं समाधान. जॅकमधून तंगूस ओवून मागे आगकाडीचा तुकडा आडवा बांधला आणि कडेच्या भोकातून ओढला. चार पॉट, जॅक, सगळं जागेवर. शेवटी स्विच, नेकच्या खिडकीतून खांद्याकडे. ओढतोय, ओढतोय, आणि भोकापासून दोन बोटं अलीकडे तो थांबला. वायर संपली होती.

पुठ्ठ्यावर वायर पुरत होती. पण पुठ्ठा सपाट असतो. गिटारच्या फळीखाली, आतून, तारांच्या दिशेनं दोन लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, फळीला बळ द्यायला. वायरला त्या पट्ट्यांखालून बुडी मारून पलीकडे वर यावं लागतं, आणि ती चढउतार मी मोजलीच नव्हती. दोन पट्ट्या, दोन बुड्या, दोन बोटं. हिशोब चोख.

जोड देऊन लांबवता आली असती, खिडकीपाशी. पण स्विचच्या मुख्य वायरीला पोकळीच्या मधोमध जोड ठेवायला मन होईना. सगळं परत बाहेर, पॉट उलट्या क्रमानं, पुठ्ठ्यावर पुन्हा, स्विचची वायर नवी. यावेळी पुठ्ठ्यावर पट्ट्यांच्या जागी पेन्सिली चिकटवल्या आणि वायर त्यांच्यावरून नेऊन मोजली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मासेमारी.

टेलपीसला नवी तार दिली, यावेळी टोकाला रिंगचा लग लावून आणि पट्टी घासून. बीप वाजला. तारा चढवल्या, घोडी खुणेवर. अ‍ॅम्प लावला. हात न लावता बारीकशी सळसळ, हात लावला की तीही गेली.

सर आले, वाजवून बघितली, खूश होऊन घेऊन गेले, आणि रात्री फोन : "घरी थोडं घूं येतंय." मी दुसऱ्या दिवशी टेस्टर घेऊन गावभागात गेलो. घर जुनं, सॉकेट तीन पिनांचं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग नुसतं दिसण्यापुरतं. इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. गिटारच्या तारा अ‍ॅम्पमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. घराच्या अर्थिंगमध्ये दोष असेल, किंवा कुणी अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन घूं घालवायला म्हणून कापली असेल, तर एका हातात गिटार आणि ओठांजवळ दुसऱ्या सॉकेटवरचा माइक या स्थितीत झटका बसू शकतो, आणि तो जीवघेणा असू शकतो. अर्थची पिन कधीही कापायची नाही. वायरमनला बोलावून अंगणात मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग करून घेतलं. ते सरांच्या खर्चात, माझ्या कामात नाही, पण घूं त्यानंतर गेलं.

चौथी तक्रार, घुमण्याची, राहिलीच. ती जाणारही नव्हती. अ‍ॅम्पचा आवाज पोकळ फळीला हलवतो, फळी तारांना हलवते, तारा पिकअपला आणि पिकअप पुन्हा अ‍ॅम्पला. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्यासाठी गिब्सननं १९८० मध्ये त्यांच्या लाडक्या गिटारच्या, ल्युसिलच्या नावानं जी गिटार काढली तिला एफ-होलच ठेवले नव्हते, ते याचसाठी. सरांना सांगितलं, अ‍ॅम्पसमोर नका उभे राहू, बाजूला राहा, खर्ज कमी ठेवा, आणि फार वाटलं तर एफ-होलमध्ये काळ्या फोमचा तुकडा बसवा. त्यांनी फोम बसवला नाही. दिसायला वाईट दिसतो म्हणाले. बरोबर आहे, दिसतो.

मजुरी अठराशे घेतली. दुसऱ्या ओवणीचे पैसे लावले नाहीत, ती चूक माझी. जुना नेक पिकअप त्यांच्या केसच्या कप्प्यात ठेवून दिला. म्हणालो, फेकू नका.

सहा महिन्यांनी, दिवाळी उलटून गेल्यावर, सर पुन्हा दुकानात. गिटार तीच, चेहरा जरा अवघडलेला.

"नेकचा जुनाच बरा होता," ते म्हणाले. "हा नवा जास्त भरतो. खालचे स्वर गुरगुरतात. तुम्ही म्हणाला होता, पण आता तोंडानं म्हणू नका."

मी तोंडानं काही म्हणालो नाही. नवा नेक ८.४ किलोओहमचा होता, जुना साडेसातचा. भरीव गिटारला तो जास्तीचा भरणा चांगला वाटतो, पोकळ गिटारला आधीच पोट असतं.

"पण मग सहा महिने थांबलात कशाला?"

"भाचा दिवाळीला येऊन गेला. त्यानं वाजवून बघितली. आता हरकत नाही."

तारा सैल केल्या, चौकटीचे चार स्क्रू काढले, खिडकीतला जोड सोडवला. जुना पिकअप आत. बंद करण्याआधी काट्याचा मीटर आणि स्क्रूड्रायव्हर. ब्रिज उजवीकडे उडाला, जुना नेक डावीकडे. दोघे उलट. असंच बंद केलं असतं तर मधली जागा नाकात बोलली असती. जुन्या पिकअपला एकच वायर आणि तिच्याभोवती जाळी, ती जाळी झाकणाला जोडलेली. ती उलटी केली तर झाकण स्वराच्या बाजूला जातं आणि हात लागला की खणखणतं. म्हणून नेकला हात लावला नाही. ब्रिजची चौकट उघडली, तिथल्या जोडात लाल आणि हिरवीची अदलाबदल केली, उघडी वायर ग्राउंडलाच ठेवली. काटा पुन्हा बघितला. दोन्ही डावीकडे. स्विच मध्ये टाकून सरांनी एक लांब स्वरसंगती धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

नवा नेक पिकअप त्याच्या खोक्यात घातला, कागदासकट. सरांनी खोका उलटसुलट करून बघितला.

"पुढच्या दिवाळीला तो परत आला तर?"

"पाऊण तास, सर. सकाळी आणून द्या, दुपारी घेऊन जा."